बिनरंगी तालीम

फटफटी रस्त्यावरून गेली म्हणजे प्रथम तिचा आवाज कानी पडतो आणि मागाहून डोळा जातो तो तिच्या रंगाकडे. काळाभोर सांगाडा, आरशासारखी टाकी, उन्हात चमकणारी नळकांडी यांवरून पाहणारा तिची किंमत ठरवतो. विकत घेणारा गृहस्थदेखील एंजिनात डोकावण्यापूर्वी टाकीवरून हात फिरवून पाहतो. परंतु जी गाडी एखाद्या गिऱ्हाइकाच्या मापाने, त्याच्या आवडीनिवडीप्रमाणे एकटीच घडवली जाते, तिच्या जन्मकथेत रंग फार उशिरा प्रवेश करतो. ती गाडी प्रथम संपूर्ण उभी राहते. चाके, एंजिन, गिअरपेटी, टाकी, हँडल, दिवा, सारे जागच्या जागी बसते, आणि तरीही सांगाड्यावर रंगाचा एक थेंब नसतो. मग ती शेवटच्या वायसरापर्यंत सुटी केली जाते, सांगाडा रंगाऱ्याच्या भट्टीत जातो, आणि तो परत आला म्हणजे तेच सारे काम आरंभापासून दुसऱ्यांदा करावे लागते.

ज्याला यंत्रांची सवय नाही अशा श्रोत्याला हा निव्वळ द्राविडी प्राणायाम वाटेल. पण आपल्या घरांतून असाच एक प्रकार आपण नित्य पाहतो. कोट शिवणारा चांगला शिंपी कापड बेतल्यावर पक्की शिलाई घालीत नाही. कच्चे टाके घालून तो कोट तुमच्या अंगावर चढवतो, खांद्याशी चिमट धरतो, खडूची रेघ ओढतो आणि मग टाके उसवून पुन्हा शिवायला बसतो. नाटकमंडळ्यांची गोष्ट मात्र याच्या उलट आहे. त्यांची रंगीत तालीम शेवटी येते, आणि तीत जी चूक सापडेल ती पहिल्या खेळापर्यंत कशीबशी झाकावी लागते. फटफटीच्या कारागिराला तालीम हवी ती बिनरंगी, कारण रंग चढल्यानंतर सापडलेली चूक त्याला झाकता येत नाही. ती सुधारायची तर रंगच खरवडावा लागतो. या बिनरंगी तालमीचा जो सर्वांत नामांकित कारखाना होऊन गेला, त्याचा वृत्तान्त आज सांगावयाचा आहे.

इंग्लंडच्या मध्यभागी नॉटिंगहॅम नावाचे शहर आहे. तेथे विल्यम ब्रफ नावाचे एक कारखानदार १९०८ च्या सुमारापासून मोटारसायकली करीत असत. त्यांचा मुलगा जॉर्ज, जन्म १८९०. बापलेकांचे एका मुद्द्यावर पटेना. वडिलांची श्रद्धा आडव्या, समोरासमोर सिलिंडर असलेल्या एंजिनावर. मुलाला हवे होते इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे मोठे, दणकट दुहेरी एंजिन. १९१९ साली मुलाने आपली वेगळी चूल मांडली, त्याच शहरात हेडन रोडवर स्वतःचा कारखाना उभारला, आणि आपल्या गाडीला नाव दिले ‘ब्रफ सुपीरियर’, म्हणजे श्रेष्ठ ब्रफ. त्यावर, मग माझी ती कनिष्ठ ब्रफ म्हणायची, असे वडील उद्गारल्याची कथा सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, नाव ठेवण्यात मुलगा वस्ताद होता यात शंका नाही. आपल्या मालाचे वर्णन करण्याची त्याची हातोटीही अशी की त्याने यंत्रे केली नसती तर जाहिरातीच्या धंद्यात तरी नाव काढले असते.

या श्रेष्ठ गाडीत जॉर्ज ब्रफचे स्वतःचे ओतलेले, कातलेले असे थोडकेच होते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. एंजिन उत्तर लंडनच्या टॉटनहॅम भागातील जे. ए. प्रेस्टविच यांच्या कारखान्यातून येई, आणि १९३५ च्या सुमारापासून पुढे मॅचलेस कंपनीचे. गिअरपेटी स्टर्मी-आर्चरची. विजेचे सामान, साखळी, चाकांची तुंबी, बैठक हीदेखील त्या त्या धंद्यातील नामवंतांकडून. ज्याला आपण निर्माता म्हणतो तो वस्तुतः निवड करणारा आणि जुळवणारा होता. आता जुळवणारा म्हटले की कपाळाला आठी घालण्याची आपल्याकडे रीत आहे. पण चार गावांच्या चार कारखान्यांतून आलेले भाग एका सांगाड्यात असे बसवणे, की ते एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसावेत व ताशी शंभर मैलांवरही एकमेकांशी भांडू नयेत, ही स्वतंत्र विद्या आहे. ब्रफची दुहेरी जुळणी त्याच विद्येतून निघाली. त्याच्याकडील प्रत्येक गाडी दोनदा जुळवली जाई: प्रथम सारे भाग एकमेकांत नीट बसतात की नाही हे पाहण्यासाठी, आणि मग सुटी करून, ज्या भागाला रंग त्याला रंग, ज्याला मुलामा त्याला मुलामा देऊन, कायमची.

पहिल्या जुळणीत नेमके काय होते हे थोडे तपशिलाने पाहिल्यावाचून या खर्चाचा अर्थ कळावयाचा नाही. त्या काळचा मोटारसायकलचा सांगाडा म्हणजे पोलादी नळ्या. त्या ओतीव सांध्यांत खोवून पितळेने झाळलेल्या असत. झाळताना नळी लालबुंद तापते आणि निवताना किंचित ओढली जाते. चौकट कागदावर सरळ असली तरी हातात येते ती अशी केसभर तिरकी. कारागीर पुढच्या मानेपासून मागच्या आसापर्यंत दोरी ताणून पाहतो. दोन्ही बाजूंना अंतर सारखे हवे. सांध्याबाहेर ओघळलेले पितळ कानसून काढतो. मग एंजिन आणि गिअरपेटी आत बसवतो. आणि येथे खरी परीक्षा सुरू होते, कारण एंजिनाचे दातेरी चक्र, गिअरपेटीचे चक्र आणि मागच्या चाकाचे चक्र यांतून जाणारी साखळी सरळ रेषेत धावली पाहिजे. ती रेषा जरा चुकली की साखळी दातांच्या एका कडेला घासते, गरम होते, आणि तिचे आयुष्य निम्म्यावर येते. तेव्हा एंजिनाच्या कानाखाली कोठे पातळ पत्रा सरकवायचा, तो किती जाडीचा, हे या वेळी ठरते.

मग बारीकसारीक कामे. टाकीच्या बुडाशी एंजिनाचे डोके लागते काय? हँडल पूर्ण वळवले असता काट्याची बाजू टाकीवर आदळते काय? मागचे चाक साखळी ताणण्यासाठी मागे सरकवले म्हणजे चिखलपट्टीला घासते काय? ब्रेकचा दांडा, धूर बाहेर टाकणारी नळी, तेलाची नळी, दिव्याची तार, प्रत्येकीला आपापली वाट हवी आणि एकीने दुसरीच्या वाटेत येता कामा नये. जेथे वाट नाही तेथे कान झाळावा लागतो, भोक पाडावे लागते, कोपरा कानसावा लागतो. ही सगळी कामे उघड्या धातूवरच होऊ शकतात. रंगवलेल्या नळीवर झाळकामाची ज्योत धरली की वीतभर रंग फुगून जळतो. निकेलचा मुलामा दिलेली नळी मागाहून वाकवू गेले तर मुलामा तडकतो आणि तडीतून गंज शिरतो. म्हणजे रंगाच्या आधी जी चूक कानशीच्या दहा हातांनी निघते, तीच रंगानंतर आठवड्याच्या कामावर पाणी फिरवते.

ब्रफच्या गिऱ्हाइकांना गाडी बहुधा आपल्या मर्जीप्रमाणे हवी असे, आणि दोन गाड्या हुबेहूब सारख्या क्वचितच निघत. त्याच्या गिऱ्हाइकांतील सर्वांत प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे अरबस्तानातील मोहिमांमुळे नावारूपास आलेले कर्नल लॉरेन्स. ते पुढे नाव बदलून वायुदलात साधे शिपाई म्हणून शिरले, आणि १९२७ ते १९२९ च्या आरंभापर्यंत त्या वेळच्या हिंदुस्थानात कराची व मिरानशाह येथे होते. त्यांनी एकामागून एक अशा सात ब्रफ सुपीरियर गाड्या वापरल्या. त्यांची उंची अवघी ५ फूट ५ इंच. एवढ्या उंचीच्या माणसाला लांब, वजनदार, शंभर मैल धावणारी गाडी पेलावयाची तर बैठक कोठे, पाय ठेवण्याचे दांडे कोठे, हँडलाचा बाक किती, हे माणूस आणि धातू एकत्र पाहूनच ठरवणे शहाणपणाचे. कोटाला लागणारे कच्चे टाके ते हेच.

पहिली जुळणी पुरी झाली की गाडी सुटी होते. हा भाग ऐकायला सोपा आणि करायला जोखमीचा आहे. कोणता बोल्ट कोठला, कोणता पातळ पत्रा कोणत्या कानाखालचा, हे ज्याने लिहून, चिठ्ठ्या बांधून, पोटल्या करून ठेवले नाही त्याची पहिली जुळणी फुकट गेली असे समजावे. आजचा हौशी कारागीर प्रत्येक पायरीची छायाचित्रे घेतो. पूर्वीच्या माणसाची भिस्त डब्यांवर आणि स्मरणावर असे.

रंगाची प्रक्रिया थोडक्यात सांगतो. त्या काळी चांगल्या सांगाड्यांना काळे एनॅमल देऊन ते भट्टीत भाजत. कोरड्या हवेत वाळलेल्या रंगापेक्षा हे भाजलेले एनॅमल पुष्कळ कठीण होते. पेट्रोलचा थेंब सांडला तरी तग धरते. तथापि भट्टी सर्वांना मानवत नाही. कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची झाळ १८३ अंश सेंटिग्रेडवर वितळू लागते. म्हणून ज्या टाकीचे पत्रे अशा झाळीने जोडलेले असतील ती सांगाड्याबरोबर कडक भट्टीत घालण्याची सोय नाही. बेअरिंगचे कप, रबर, छर्रे हे सारे आधी निघालेच पाहिजे. आणि ब्रफच्या टाकीची तऱ्हा तर वेगळीच होती. ती गोलसर, फुगीर, पुढे उतरती आणि निकेलने चकचकीत केलेली असे. १९३० च्या सुमारास धंद्यातच निकेलची जागा क्रोमियमने घेतली. मुलामा दिलेल्या पत्र्यावर आदला पोचा दहापट ठळक दिसतो. रंगाखाली लपणारे पाप मुलाम्याखाली लपत नाही, उलट दिव्याखाली येते.

आता दुसरी जुळणी. वरवर पाहता ही उजळणी. सारे एकदा बसलेले आहे, तेच पुन्हा बसवायचे. परंतु अनुभवी कारागीर हिलाच अधिक भितो, आणि त्याची कारणे आहेत.

पहिले कारण असे की सांगाडा आता पूर्वीचा राहिलेला नाही. त्याच्या प्रत्येक अंगावर केसाच्या जाडीचा थर बसला आहे. ज्या भोकातून बोल्ट नुकताच सरकत होता त्यातून तो आता सरकत नाही. आटे रंगाने भरले आहेत. ते टॅप फिरवून मोकळे करावे लागतात. मानेत बेअरिंगचे कप जेथे घट्ट बसावयाचे तेथे रंग गेला असेल तर कप तिरका बसतो आणि हँडल एका बाजूला अडखळते; म्हणून शहाणा माणूस भट्टीपूर्वीच ती जागा झाकून देतो. एंजिन ज्या कानांवर बसते तेथील रंग तर खरवडलाच पाहिजे. तो तसाच ठेवून वर बोल्ट आवळला तर आरंभी सारे ठीक वाटते. पण एंजिनाच्या कंपाने मधला रंग चेंगरून निघतो, तेवढी जागा रिकामी होते, आणि शंभर मैलांच्या आत घट्ट बोल्ट सैल झालेला आढळतो.

दुसरे कारण विजेचे आहे, आणि त्यात गंमत आहे. मोटारसायकलीवर दिव्याकडे जाणारी तार एकच असते. परतीची वाट सांगाड्यातूनच जाते. एनॅमल विजेला अडवते. तेव्हा सुरेख रंगवलेल्या सांगाड्यावर सुरेख दिवा बसवला आणि कळ दाबली, तर पुष्कळदा काळोखच पडतो. एंजिन मात्र मॅग्नेटोवर चालणारे असल्याने मजेत धडधडत राहते! नवशिका दिवसभर दिव्याची तार तपासतो; जुना कारागीर तार जेथे सांगाड्याला टेकते तेथील रुपयाएवढी जागा पॉलिश कागदाने घासून मोकळी करतो, आणि दिवा लागतो.

तिसरे कारण म्हणजे भीती. कच्च्या सांगाड्यात एंजिन ढकलून, टेकवून, पहार लावून बसवता येते. रंगवलेल्या सांगाड्यात पाना एकदा निसटला की झाला ओरखडा. म्हणून नळ्यांना चिंध्या आणि पट्ट्या गुंडाळतात, आणि एंजिन सांगाड्यात उतरवण्याऐवजी एंजिनच बाजेवर आडवे निजवून त्यावर सांगाडा अलगद उतरवतात, टोपडे घालावे तसा. पहिल्या जुळणीत हात निर्भय असतात आणि डोके काम करते. दुसरीत डोक्याचे काम संपलेले असते व सारा भार हातांवर पडतो.

याच हातांची एक आख्यायिका आहे. ‘द मोटर सायकल’ या साप्ताहिकाच्या टीग नामक लेखकाने ब्रफ सुपीरियरला मोटारसायकलींतील रोल्स-रॉइस म्हटले, आणि जॉर्ज ब्रफने ते बिरूद आपल्या जाहिरातींत झळकवले. रोल्स-रॉइसवाल्यांना ते रुचणार कसे? त्यांचा माणूस चौकशीला नॉटिंगहॅमला आला, तेव्हा कामकरी पांढरे हातमोजे घालून गाडी जुळवताना त्याला दिसले, आणि तो मुकाट्याने संमती देऊन गेला. खरी मेख अशी सांगतात की त्या दिवशी लंडनच्या प्रदर्शनासाठी पाठवायच्या गाड्या तयार होत होत्या, आणि मुलाम्यावर बोटांचे ठसे उमटू नयेत एवढ्यासाठीच ते मोजे होते. मला तर वाटते, ही मेख कळल्यावरही पाहुण्याने मत बदलण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या जुळणीला मोजे लागतात ते पहिली जुळणी उघड्या, तेलकट हातांनी नीट झाली असेल तरच शोभतात.

दुसऱ्या जुळणीनंतर प्रत्येक गाडी रस्त्यावर चालवून पाहिली जाई. १९२२ सालचे ‘एसएस ८०’ हे रूप ताशी ८० मैल, आणि १९२४ साली दाखवलेले ‘एसएस १००’ ताशी १०० मैल धावेल अशी हमी असे. न धावल्यास गाडी पुन्हा कारखान्यात. किंमत १३० पौंडांपासून १८० पौंडांपर्यंत, आणि त्या काळी इंग्लंडात माणसाची सरासरी वार्षिक कमाई २०० पौंडांच्या आसपास. म्हणजे वर्षभर उपाशी राहिलेला कारकून एक ब्रफ घेऊ शकला असता, पेट्रोल मात्र पुढच्या वर्षी.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते ऐकल्यावाचून हा इतिहास एकतर्फी स्तुतिपाठ होईल. तो पक्ष विचारतो: भाग जर मुळातच अचूक असतील तर तालीम हवीच कशाला?

या प्रश्नाचे उत्तर ब्रफच्या आधी अकरा वर्षे, १९०८ साली, जाहीररीत्या देण्यात आले होते. लंडनच्या नैर्ऋत्येस ब्रुकलंड्स येथे आदल्याच वर्षी शर्यतींसाठी काँक्रीटची धाव बांधली होती. तेथे इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली कॅडिलॅक या अमेरिकन कारखान्याच्या तीन मोटारी आणून पुऱ्या सुट्या करण्यात आल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग. तिघींचे भाग एका ढिगात मिसळले. वर ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले दुसरे ठेवले. मग केवळ पाने आणि पेचकस यांच्या साहाय्याने, कानस न लावता, त्या ढिगातून तीन मोटारी पुन्हा उभ्या केल्या. त्या ५०० मैल धावल्या आणि क्लबने कॅडिलॅकला ड्यूअर चषक दिला. या मोटारींविषयी माझ्या विशेष ध्यानात राहिलेली गोष्ट त्यांच्या रंगाची आहे. भाग मिसळल्यामुळे एकीचे भाग दुसरीला, दुसरीचे तिसरीला, अशा त्या विदूषकाच्या झग्यासारख्या रंगीबेरंगी होऊन धावल्या. रंग आधी चढला आणि जुळणी मागाहून झाली, तरी काही अडले नाही, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता?

तोच मार्ग पुढे फोर्डने राजरस्ता केला. १९१३ पासून त्याच्या कारखान्यात मोटारी सरकत्या रांगेवर जुळू लागल्या. भाग रंगवून येत व एकदाच बसत. १९१४ ते १९२५ या काळात ती प्रसिद्ध मॉडेल टी केवळ काळ्या रंगात मिळे. ज्या व्यवस्थेत कानस चालवणारा माणूसच नको, तीत गिऱ्हाइकाच्या आवडीचा रंगही नको, हे त्या तर्काला धरूनच झाले.

मग ब्रफची दुहेरी जुळणी मागासलेपणाचे लक्षण म्हणावयाची काय? एका अर्थी होय, आणि हे लपवण्यात शहाणपण नाही. एखादी वस्तू दोनदा जुळवावी लागते याचा अर्थच असा की तिचे भाग परस्परांशी बसतील याची बनवणाऱ्याला खात्री नाही. परंतु दुसरी बाजू अशी की कॅडिलॅकच्या त्या तिन्ही मोटारी एकाच नमुन्याच्या, कोणा एका माणसाच्या मापाच्या नव्हेत. अचूक साचे, मापे, हत्यारे यांवर होणारा खर्च हजारो सारख्या नगांवर वाटला तरच परवडतो. जॉर्ज ब्रफने १९१९ ते १९४० या एकवीस वर्षांत मिळून तीन हजारांवर थोड्या गाड्या केल्या, आणि त्याही एकोणीस नमुन्यांच्या. साच्याचा खर्च त्याला कोणत्याच हिशेबाने झेपला नसता. त्याने तो खर्च माणसाच्या वेळात भरला. गाडीच्या किमतीतील मोठा हिस्सा अशा कामाचा होता जे गिऱ्हाइकाला कधी दिसणारच नव्हते. पहिली जुळणी, तिच्यातील प्रत्येक शोध आणि प्रत्येक दुरुस्ती, मोडून टाकून वर एनॅमल फासले जाई.

योगायोग असा की ब्रफनेही आपली परीक्षा त्याच ब्रुकलंड्सवर दिली. १९२२ साली तो स्वतः ‘स्पिट अँड पॉलिश’ नावाच्या गाडीवर बसला. बूट चकचकीत करण्याच्या शिपाईगिरीवरून ठेवलेले हे नाव झिलईची थट्टा करणारेच आहे. तिच्यावर त्याने ताशी शंभर मैलांनी धावेची फेरी मारली. सिलिंडरच्या बाजूला झडपा असलेल्या एंजिनाच्या गाडीने तेथे तो वेग गाठण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या चाकाचा टायर त्या फेरीत निसटला. गाडी टिकली आणि स्वारही टिकला.

१९३८ च्या लंडन प्रदर्शनात ब्रफने आपले शेवटचे मोठे धाडस मांडले. ‘ड्रीम’ हे तिचे नाव. चार सिलिंडर, दोन आडवी एंजिने एकावर एक ठेवावीत तशी रचना, आणि प्रदर्शनातील गाडीला सोनेरी रंग. आयुष्यभर काळा एनॅमल आणि रुपेरी मुलामा यांवर भागवलेल्या माणसाने सोनेरी रंग निवडावा यात थोडी नाटकी हौस होतीच. पण हे स्वप्न दुकानांपर्यंत पोचलेच नाही. महायुद्ध सुरू झाले, १९४० मध्ये मोटारसायकलींचे काम थांबले, आणि तो कारखाना विमानांच्या मर्लिन एंजिनांसाठी अचूक भाग करू लागला. मर्लिन एंजिन कोणाचे, तर रोल्स-रॉइसचे. युद्ध संपल्यावर योग्य एंजिन मिळेना, आणि त्या कारखान्यातून गाड्या पुन्हा निघाल्या नाहीत. जॉर्ज ब्रफ १९७० साली वारला. लॉरेन्स त्यापूर्वीच गेले होते: १९३५ च्या मे महिन्याच्या १३ तारखेला डॉर्सेटमधील आपल्या घराजवळ, सायकलींवरील दोन मुलांना चुकवताना, ते सातव्या गाडीवरून पडले आणि १९ तारखेला निवर्तले. आठवी त्या वेळी कारखान्यात तयार होत होती.

कारखाना बंद झाल्यावर या गाड्यांच्या नशिबी तिसरी जुळणी आली, जी जॉर्ज ब्रफने योजली नव्हती. २०१६ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात आठ ब्रफ सुपीरियर एकदम लिलावाला आल्या. कॉर्नवॉल परगण्यात बॉडमिन येथील कोठारांत त्या पन्नासांवर वर्षे पडून होत्या. काही सुट्या झालेल्या, काही भंगाराखाली गाडल्या गेलेल्या, सगळ्या धुळीने माखलेल्या. त्यांतील १९३२ सालची, ऑस्टिन मोटारीचे चार सिलिंडरचे एंजिन असलेली आणि मागे लगोलग दोन चाके लावलेली एक गाडी ३,३१,९०० पौंडांना गेली. गंजलेल्या लोखंडाला एवढा मोबदला!

अशा गाडीचा नवा मालक दोन वाटांच्या तोंडाशी उभा राहतो. सांगाडा खरवडून नवे एनॅमल चढवावे, की उडालेला, पोपडे आलेला मूळ रंग तसाच राखावा? खरवडले म्हणजे खालचा धातू पुन्हा एकदा उघडा पडतो, आणि जे कोणी पाहू नये म्हणून झाकले होते ते दिसू लागते: झाळीचे पितळ, कानशीच्या रेघा, सरकवलेले कान. पण मूळ एनॅमल एकदा गेले की त्याच्याबरोबर दुसऱ्या जुळणीचा साक्षीदारही जातो, आणि नव्या रंगाखाली कोणत्या गावचा, कोणत्या सालचा सांगाडा आहे हे डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून जाणते लोक रंगाकडे शेवटी पाहतात. ते प्रथम सांगाड्यावर ठोकलेला आकडा वाचतात, मग एंजिनावरचा, मग गिअरपेटीवरचा, आणि ते ब्रफच्या नोंदकार्डाशी ताडून पाहतात. ही कार्डे कारखान्यात प्रत्येक गाडीसाठी लिहिली जात, आणि तिच्यात कोणत्या क्रमांकाचे एंजिन बसले, कोणती गिअरपेटी, हे त्यांवर असे. कार्डांच्या प्रती या गाड्यांच्या मालकांच्या मंडळाने जतन केल्या आहेत. कार्डावरचे आकडे आणि धातूवरचे आकडे जुळले, तर समोरचे एंजिन त्याच सांगाड्यात नॉटिंगहॅमला, रंगाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, बसवले गेले होते एवढे निश्चित होते. आणि मगच पाने काढून कामाला सुरुवात होते.